भडंगचं चाक

माणसाला शेजाऱ्याच्या गाडीचा हेवा वाटतो, भावकीतल्या कुणाच्या बंगल्याचा वाटतो. इंद्रजीत सुतारला एका हॅमस्टरच्या चाकाचा हेवा वाटत होता. अकरा इंच व्यासाचं, फिकट निळ्या प्लास्टिकचं ते चाक कौस्तुभ देवधरने दुकानातून आणलं होतं, आणि ते आणल्यापासून इंद्रजीतला घास गोड लागत नव्हता.

कौस्तुभ म्हणजे मृणालीचा दुसरा नवरा. मृणाली म्हणजे इंद्रजीतची पहिली बायको, पहिली आणि आजतागायत शेवटचीही. इंद्रजीत आणि मृणालीची मुलगी शाल्मली दहा वर्षांची होती. एक आठवडा बापाकडे मंगळवार पेठेत, एक आठवडा आईकडे रुईकर कॉलनीत, अशी तिची चार वर्षं गेली होती. गेल्या वाढदिवसापासून तिच्याबरोबर पिंजऱ्यासकट भडंगही ये-जा करायचा. भडंग म्हणजे मुठीएवढा सोनेरी हॅमस्टर. जयसिंगपूरच्या भडंगाचा रंग तसाच याचा, म्हणून नाव तिनेच ठेवलं होतं.

कौस्तुभ मूळचा पुण्याचा, विद्यापीठात भूगोल शिकवायचा. हळू बोलायचा आणि कुठल्याही प्रश्नाला लगेच उत्तर द्यायचा नाही; आधी थोडा थांबायचा. त्या थांबण्याचा इंद्रजीतला फार राग यायचा. त्याहून जास्त राग दुसऱ्या एका गोष्टीचा. शाल्मली पूर्वी निघताना 'पप्पा, मी येतो' म्हणायची, कोल्हापूरच्या पोरी म्हणतात तसं. वर्षभरात ती 'येते' म्हणायला लागली होती. बाकी कुणाच्या ते लक्षातही आलं नव्हतं, पण इंद्रजीत दर वेळी मोजायचा.

तर झालं असं, की भडंगच्या मागच्या पायाची दोन बोटं चाकाच्या जाळीत अडकून सोलवटली. चाक इंद्रजीतने बाजारातून आणलेलं, घर इंद्रजीतचं आणि वार त्याच्या आठवड्यातला. भांडायला मृणालीला आयतं कोलीत मिळालं होतं, पण ती भांडली नाही. ते त्याला आणखीच लागलं.

प्राण्यांच्या डॉक्टर नाझनीन मुजावर यांच्या दवाखान्यात दोन्ही घरं एका बाकावर बसली. डॉक्टरीणबाईंनी भडंगच्या पायाला मलम लावलं आणि नवीन चाक कसं घ्यायचं ते नीट समजावून सांगितलं. चाक जाळीचं किंवा दांड्यांचं नको; धावायची जागा सलग हवी, म्हणजे पाय अडकत नाही. व्यास एवढा हवा की धावताना पाठ वाकडी होऊ नये, या जातीला निदान अकरा इंच. तोंडाशी आडवी पट्टी नको, आत-बाहेर करताना मान सापडते. आणि चाक हलकं हवं.

कौस्तुभने सगळं फोनमध्ये टिपून घेतलं. इंद्रजीतने काही लिहिलं नाही. चार सुतांचं माप दहा वर्षांनी विचारलं तरी सांगणारा माणूस तो. पहिल्या तीन गोष्टी त्याने डोक्यात पक्क्या केल्या. चौथी आत शिरलीच नाही, कारण त्याच्या धंद्यात हलकं म्हणजे भिकार.

मग बाईंनी स्पंदपाट काढला. तो तेव्हा नवीनच आलेला होता. जेवायच्या पाटाएवढा, बोटभर जाड. तो घरी न्यायचा आणि पिंजरा त्यावर ठेवायचा, बस. हॅमस्टर हा दुसऱ्या कुणाच्या तरी तोंडचा घास म्हणून जन्माला आलेला प्राणी. दुखलं-खुपलं तरी तो दाखवत नाही, कारण रानात जो दाखवतो त्यालाच घुबड आधी उचलतं. त्याच्या तोंडाकडे बघून काही म्हणजे काही कळत नाही. पण त्याचं हृदय मिनिटाला चारशे वेळा धडधडतं आणि दर ठोक्याला अंग किंचित थरथरतं. पाट ती थरथर टिपायचा. आपल्या कानांना ऐकू न येणारी त्याचा बारीक चीत्कारही टिपायचा. हृदय आणि आवाज एकत्र वाचून हा जीव निवांत आहे की भ्यालेला, ते सांगता येतं असा शोध लागून पाचेक वर्षं झाली होती. निकाल मात्र डॉक्टरकडच्या यंत्रावरच निघायचा. घरी पडद्यावर नुसत्या रेघा दिसायच्या, ठोका पडला की एक उभी रेघ.

बाई म्हणाल्या, दर आठवड्याला घर बदलणं याला सोसत नाही. एक आठवडा तिकडे ठेवा, एक इकडे, आपापलं चाक लावा. जिथं जीव रमेल तिथं कायमचा ठेवा.

शाल्मली भडंगच्या पायाकडे बघत होती. "मग जिथं भडंग, तिथं मी," ती म्हणाली. "तो एकटा नाही राहायचा."

मृणाली म्हणाली, ते आपण नंतर बघू. पण इंद्रजीतने ऐकायचं ते ऐकलं होतं. आपली पोर एका चाकावर ठरणार, एवढंच त्याच्या डोक्यात राहिलं. खाली उतरताना जिन्यात कौस्तुभ नेहमीसारखा थांबून म्हणाला, "इंद्रजीतराव, यातलं तुम्हाला जास्त कळतं. बेअरिंगवालं चाक घेऊ का साधं?"

"तुमचं तुम्ही बघा," इंद्रजीत म्हणाला.

कौस्तुभने बघितलं, आणि ते निळं प्लास्टिक आणलं. फोटो शाल्मलीनेच पाठवला.

उद्यमनगरात इंद्रजीतचं लेथचं वर्कशॉप होतं. आजूबाजूच्या निम्म्या गाळ्यांत आता धातू छापणारी यंत्रं आली होती. सकाळी चित्र घातलं की संध्याकाळी भाग तयार, माणसाचा हात लागतच नाही. इंद्रजीत अजून हाताने टर्निंग करायचा. ज्यांना केसाच्या दहाव्या हिश्शाचा फरक चालत नाही अशी मोजकी गिऱ्हाइकं त्याच्याकडे यायची. त्याने तीन दिवस त्यांची कामं बाजूला ठेवली आणि पितळेची जाड नळी लेथवर चढवली.

तसं चाक कोल्हापुरात कुणी केलं नसेल. आतून सलग, त्यावर बुचाच्या लाकडाचं मऊ अस्तर. दोन बेअरिंगं, तीही स्पिंडलला वापरतात त्या दर्जाची. कडा अशा घासलेल्या की गाल फिरवावा. बोटाने एक टिचकी मारली की चाक साडेतीन मिनिटं फिरत राहायचं, आवाज नाही की हेलकावा नाही. वजन सव्वादोन किलो. शेजारच्या गाळ्यांतली माणसं बघायला आली, आणि एकजण म्हणाला, हे उंदराला कशाला, देवळात ठेव. इंद्रजीत हसला. त्याच्या डोळ्यांसमोर तेव्हा फक्त कौस्तुभचं तोंड होतं, हे चाक बघताना कसं होईल ते.

पहिला आठवडा रुईकर कॉलनीचा होता. तो संपला, शाल्मली भडंगला घेऊन आली आणि इंद्रजीतने आधी काय केलं, तर पाटाच्या आठवणीतल्या तिकडच्या रेघा काढून बघितल्या. त्याला हसू आलं. काही रेघा जवळ, काही लांब, मधेच दोन खेटून, मग उगाच मोकळी जागा. आटे गेलेल्या बोल्टची गत. असं हृदय चालतंय म्हणजे प्लास्टिकच्या चाकावर जीव किती हैराण झाला असेल, असं त्याने स्वतःशीच ठरवूनही टाकलं.

मग त्याच्या चाकावरची पहिली सकाळ. रात्रभराच्या रेघा त्याने पडद्यावर आणल्या आणि बघतच राहिला. एकसारख्या. नव्या स्क्रूचे आटे असावेत तशा, पहिलीपासून शेवटपर्यंत. त्याने कागदावर छापून घेतल्या आणि चक्क व्हर्नियर लावून अंतरं मोजली. कुठं फरक नाही. धावलेल्या अंतराचा आकडाही पाट दाखवायचा, आणि तो बोलका होता: तिकडे भडंग रात्रीत पाच किलोमीटर धावायचा, इथं नऊ. इंद्रजीतने मृणालीला लिहिलं, 'दुप्पट पळतोय. निकाल लागल्यात जमा.' तिचं उत्तर आलं, 'शुक्रवारी दवाखान्यात बघू.'

त्याला हातच्या कंकणाला आरसा कशाला असं झालं होतं. तो आठवडाभर हवेत होता, आणि शाल्मलीलाही त्याने जमिनीवर ठेवलं नाही. सोमवारी शाळा सुटल्यावर मिसळ, मंगळवारी पन्हाळा, बुधवारी नवे बूट, गुरुवारी आणखी काही. तिला कंटाळायला म्हणून त्याने वेळ दिला नाही, कारण ती गप्प बसली की त्याला वाटायचं तिला तिकडची आठवण येतेय. आणि तोंडाचा पट्टा चालूच. तिकडं रात्री काय जेवता? तो तुझा अभ्यास घेतो का? निळं चाक वाजतं का गं? तुला कुठलं चाक आवडलं, खरं सांग.

शाल्मली घास सावकाश चावायची आणि म्हणायची, "दोन्ही छान आहेत." त्याला ते आपल्याच बाजूचं मत वाटायचं.

एकदा ती म्हणाली, "पप्पा, त्याला थांबायचं असलं तर?"

"थांबायला कशाला चाक लागतंय? चाक पळायला असतं," तो म्हणाला.

गुरुवारी दुपारी ती पिंजऱ्याशी बसली होती, तळहात पाटावर टेकवून, भडंगशी काहीतरी पुटपुटत. इंद्रजीत तिच्यासमोर उभा होता आणि त्याने विचारलं, इथं जास्त आवडतं का तिकडं. मग त्याची नजर पडद्यावर गेली. भडंगच्या रेघांखाली दुसरी ओळ उमटत होती, तिच्या हाताची, संथ पण तितकीच एकसारखी. त्याला भरून आलं. "बघ की," तो म्हणाला, "तुझं आणि त्याचं कसं एका मापात चाललंय. ह्या घरात." तिने हात काढून घेतला. ती पट्टी त्याने छापून जपून ठेवली, शुक्रवारी सगळ्यांना दाखवायला.

शुक्रवारी दवाखान्यात त्याने पितळेचं चाक डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर ठेवलं तेव्हा मृणालीसुद्धा "छान केलंयस रे" म्हणाली. कौस्तुभने वाकून बघितलं, बोटाने अस्तर चाचपलं आणि मान हलवली. इंद्रजीतला हवं होतं तसं त्याचं तोंड झालं होतं. बाईंनी विचारायच्या आधीच त्याने छापलेले कागद पुढं केले आणि व्हर्नियरने काढलेली मापंही वाचून दाखवली.

बाईंनी यंत्रावरचा निकाल एकदा बघितला, मग त्याच्याकडे बघितलं.

"सुतारसाहेब, यंत्राचं आणि काळजाचं उलटं असतं," त्या म्हणाल्या. "जीव निवांत असला की हृदय असं एकसारखं चालत नाही. श्वास घेतला की जरा पुढं जातं, सोडला की मागं राहतं, सैल चालतं. जीव भ्याला की हा सैलपणा संपतो. ठोके घड्याळासारखे पडायला लागतात. हे तुम्ही मोजलंत ना, ती भीती मोजलीत."

तो म्हणाला, पण नऊ किलोमीटर पळतोय की. बाईंनी चाकाला टिचकी मारली. चाक फिरायला लागलं, सुरेख, बिनआवाज. सगळे बघत राहिले. एक मिनिट झालं तरी ते फिरतच होतं.

पुढचं इंद्रजीतला कुणी सांगायची गरज नव्हती. प्रेस मशीनची फ्लायव्हीलं त्याने आयुष्यात पन्नास तरी खोलली असतील. वजन कडेला ठेवलं की चाकात गती साठते, आणि ती देणारा थांबला तरी चाक थांबत नाही. भडंग दीडशे ग्रॅमचा. त्याने पाय रोखले की सव्वादोन किलो पितळ त्याला उचलून वर नेणार आणि आपटणार. म्हणून तो धावत राहिला, रोज रात्री, चाकाचा जोर ओसरेपर्यंत. तिकडच्या प्लास्टिकवर तो पाच किलोमीटर मन लागलं म्हणून धावला होता, आणि मन भरल्यावर थांबला होता.

"आणि ही?" बाईंनी खालची पट्टी उचलली. "ही माणसाची आहे. हात कुणाचा होता पाटावर?"

शाल्मलीने मान खाली घातली. तिने बाकाची कड इतकी घट्ट धरली की नखं पांढरी झाली. मृणाली सावरून बसली. इंद्रजीतने ती पट्टी बघितली, जिच्यासाठी काल त्याला भरून आलं होतं. एकसारख्या रेघा. त्याच्या घरात, त्याच्या समोर बसून, त्याची मुलगी भ्यालेली होती. कशाला, तेही त्याला आता आठवलं. इथं जास्त आवडतं का तिकडं. चार वर्षं तो तिला हेच एक विचारत आला होता, कधी जेवणाचं नाव करून, कधी चाकाचं. दहा वर्षांची पोर एकेक उत्तर तोलून देत होती, म्हणजे बापाला लागू नये आणि खोटंही होऊ नये.

आता मृणाली विचारणार होती, हात तुझा होता का गं. मग चारचौघांत तिला पुन्हा उत्तर द्यावं लागलं असतं.

"माझा," इंद्रजीत म्हणाला. "माझा हात होता."

डॉक्टरीणबाईंनी पट्टीच्या कोपऱ्यातला आकडा वाचला. मिनिटाला एकशे चार, लहान मुलांचे पडतात तसे. त्यांनी शाल्मलीकडे बघितलं, मग त्याच्याकडे, आणि पट्टीची घडी करून त्याच्या हातात दिली. "मग जपा," त्या म्हणाल्या. "आजची नाही ही भीती. जुनी दिसते."

इंद्रजीतच्या त्या खोटं बोलण्यात निम्मी माया होती आणि निम्मी लाज; कुठली किती, ते त्यालाही सांगता आलं नसतं. त्याने पितळेचं चाक पिशवीत घातलं. म्हणाला, भडंगला तिकडंच राहू दे, त्यांचं चाक चांगलं आहे. कौस्तुभ जरा थांबला आणि म्हणाला की कड पातळ करून घेतली तर हे चाकही उत्तम होईल, एवढं काम वाया जायला नको. माणूस मनापासून बोलत होता. तरी त्या क्षणी इंद्रजीतला त्याला एक ठेवून द्यावीशी वाटली. पोटातली आग अशी एका दुपारीत विझत नाही.

मग ठरलं ते असं, की शाल्मली आईकडे राहील आणि शनिवारी बापाकडे येईल. जिथं भडंग तिथं मी, हे ती खरं करत होती. निम्मा महिना होता तिथं आता आठवड्याचा एक दिवस उरला.

पहिल्या शनिवारी ती आलीच नाही. पोट दुखतंय म्हणून निरोप आला. खरंच दुखत असेल, किंवा नसेल. इंद्रजीतने तीनदा फोन हातात घेतला आणि तीनदा ठेवला. विचारायला गेलं तर 'तिकडं काय चाललंय' हेच तोंडात येणार, हे त्याला कळून चुकलं होतं. तो वर्कशॉपवर गेला आणि सुट्टीच्या दिवशी उगाच लेथ साफ करत बसला. निळ्या चाकाशी दोघं बसले असतील, कौस्तुभ तिला काहीतरी समजावून सांगत असेल, आणि ती हसत असेल, हे सगळं त्याला चित्रासारखं दिसत होतं. इतकं जळत होतं की दुपारचा डबाही त्याने उघडला नाही.

दुसऱ्या शनिवारी ती आली. बूट काढायच्या आधीच तिने विचारलं, आज कुठं जायचं.

"कुठंच नाही," तो म्हणाला. "मी शेंगा सोलतोय. बसायचं तर बस, नाहीतर लोळ."

ती बसली. मग लोळली. भुईमुगाच्या शेंगांचा ढीग होता, दोघं फोडत राहिली, टरफलं एका बाजूला, दाणे परातीत. अर्धा तास गेला. इंद्रजीतच्या जिभेवर प्रश्न येऊन बसायचे. भडंग कसा आहे, हासुद्धा त्याने गिळला. त्या प्रश्नाच्याही पोटात दुसरा प्रश्न होता, हे त्याचं त्याला ठाऊक होतं. गप्प बसणं एवढं कष्टाचं असतं हे त्याला बेचाळिसाव्या वर्षी कळत होतं.

"पप्पा," ती म्हणाली, "मला पोहता येतंय." आणि एकदम थांबली.

इंद्रजीतचा हात शेंगेवर राहिला. वडणगे गावच्या मळ्यातल्या विहिरीत, पाठीला डबा बांधून, जसं त्याच्या बापाने त्याला शिकवलं तसं तिला शिकवायचं, हे तो तीन उन्हाळे म्हणत आला होता. पुढच्या वर्षी नक्की, पुढच्या वर्षी नक्की. ते आता झालेलं होतं. कुणी केलं हे सांगायला जोतिषी नको होता. कधीपासून, कुठं, आणि मला का नाही सांगितलंस, असे तिन्ही प्रश्न त्याच्या दातांपर्यंत आले. समोर पोर दाणा चिमटीत धरून बसली होती, बोलून चुकल्यासारखी.

"पाणी किती खोल होतं?" त्याने विचारलं.

तिने चिमटीतला दाणा परातीत टाकला. मग म्हणाली, "बारा फूट. पहिल्यांदा नाकात गेलं, लई ठसका लागला. मी म्हटलं, नको मला. मग कौस्तुभकाका म्हणाले, काठ सोडू नकोस, नुसते पाय मार, मी इथंच आहे." ती उठून गुडघ्यांवर बसली, हात पुढं करून दाखवायला लागली, टरफलं मांडीवरून खाली सांडली. "मग मी पाय मारले. मग आणखी मारले. मग एकदा काठच सुटला."

इंद्रजीतला फार लागलं. आत कुठंतरी भाजावं तसं.

"मग?" तो म्हणाला.